शिंपल्यातलं भोक

समुद्रावर संशोधन करणाऱ्या त्या बाई नाशिक रोडच्या आमच्या अंध मुलींच्या शाळेत एकदाच आल्या. त्यांनी आणलेले शिंपले मी टेबलावर मांडले आणि पाहुणे आले की लावायच्या सवयीने प्रोजेक्टरही लावला. त्यांनी तो बंद केला. प्रत्येक शिंपला आधी डोळे मिटून स्वतः चाचपायच्या, मग मुलीच्या हातात द्यायच्या.

"हातांनी कितीसं कळणार?" मी विचारलं.

"खाडीच्या गढूळ पाण्यात मलाही काही दिसत नाही. मी हातांनीच शोधते."

तेवढ्यात पेठ तालुक्याकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, याला बारीक भोक हाय. कोणी पाडलं?"

"समुद्रातल्या गोगलगायीने. कवच पोखरून आतलं मांस खाते."

ते सगळे शिंपले मीच एकेक निरखून मांडले होते. मला एकातही भोक दिसलं नव्हतं.