अक्कांची पेटी नवी झाली

अंबुजाअक्कांकडे कॉफी मिळायची, पण आधी एक शब्द द्यावा लागे. शब्द तंजावरच्या आमच्या मराठीतला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचा हवा. पहिल्यांदा गेले तेव्हा मला एकही आठवेना. मी घरी जन्मभर तमिळच बोलत आलेली. अक्का म्हणाल्या, "सरि, आज पी. उद्यां दोन घेऊन ये गे."

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी या शब्दांचा कोश करायला घेतला होता. देवनागरी आमच्यात फार थोड्यांना वाचता येते, म्हणून कोश तमिळ लिपीत. तो होता एका जुन्या कॉम्प्युटरवर, जुन्या फॉण्टमध्ये. कॉम्प्युटरला त्या 'पेटी' म्हणत. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून पेटी रुसली की मला बोलावणं येई.

एके दिवशी पेटीवर सूचना आली: ही सिस्टीम जुनी झाली, नवी घ्या, नाहीतर यापुढे सुरक्षेची हमी नाही. अक्का रोज सकाळी नातलगांना एक शब्द ईमेलने पाठवत, तेव्हा इंटरनेट तोडून चालणार नव्हतं. मी त्यांची फाइल माझ्या नव्या लॅपटॉपवर उघडून पाहिली. तिथे जुना फॉण्ट चालेना, आणि अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं उमटली.

"हें काय गे? माझ्या शब्दांस मुंग्या लागल्या!"

आठवडाभर निर्णय होईना. सकाळी "कर", संध्याकाळी "नको". मी फॉण्ट बदलून देणारा एक प्रोग्रॅम शोधला. पण तमिळमध्ये क आणि ग एकाच अक्षराने लिहितात. फरक कळावा म्हणून अक्कांनी अक्षरांवर बारीक आकडे दिले होते, ते सगळे प्रोग्रॅमने खाल्ले. गाडीची काडी झाली.

अक्का पोट धरून हसल्या. "काडींत बसून कुंभकोणमला जा आतां!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "अस्के शब्द, एकूण एक, कागदावर छाप. मग पेटी नवी कर. तू वाच, मी फिरून टाइप करतें."

"अक्का, महिने लागतील."

"लागूं दे. माझ्या चुकाही सांपडतील."

सगळं छापून झालं. मी बटण दाबणार तोच त्यांनी माझा हात धरला. "थांब. मी." डोळे मिटून त्यांनी ते दाबलं. टक्के सरकू लागले तशा त्या डांगर पचडी करायला आत निघून गेल्या. "जेवणाऱ्याच्या तोंडाकडे नि चाललेल्या कामाकडे टक लावून बघूं नये गे."

पुढे चार महिने शाळा सुटली की मी वाचायची आणि त्या टाइप करायच्या. माझा उच्चार चुकला की त्यांची बोटं थांबत. "तमिळ सूर सोड म्हणत नाहीं, तो आपलाच. पण शब्द पुरता बोल."

कोश पुरा झाला. अक्का आता बेंगळुरूला मुलाकडे असतात आणि रोजचा शब्द तिथून येतो. मला मात्र त्या महिन्यांतली एक संध्याकाळ आठवते. तिरुवैयारुहून आईचा फोन आला. हातात कागद होते, म्हणून मी स्पीकर लावला आणि म्हटलं, "जेवलीस कां? अक्कांकडे आहें, घरीं जाऊन बोलतें."

 पलीकडून आईने तमिळमध्ये विचारलं, कोण बोलतंय?

अक्का फोनकडे वाकल्या. "तुझी लेकच गे ती. ओळखली नाहींस?"