कढीची टेस्ट ड्राइव्ह

जिग्नेशभाईंच्या पांढऱ्या शर्टावर कढीचा पहिला शिंतोडा उडाला तेव्हा पिकअप सुरूसुद्धा झाल्या नव्हत्या. कढीचं मोठं पातेलं वर चढवताना ते मदतीला पुढे आले होते.

"मेघनाबेन," ते मला हळूच म्हणाले, "टेस्ट ड्राइव्हच्या नियमांमध्ये कढी आहे का?"

जिग्नेशभाई आमच्या शोरूमचे मॅनेजर. मी तिथे पिकअप विकते. मराठी गिऱ्हाईक आलं की ते माझ्याकडे पाठवतात, तसेच मोहिते काका-काकू माझ्याकडे आले. मांडवीजवळ त्यांचं स्वयंपाकघर आहे, बडोद्यातल्या मराठी लग्नकार्यांची जेवणं तिथून जातात. स्वतःची पिकअप घ्यायची हे ठरलं होतं. अडलं होतं ते गियरवर.

काका म्हणायचे मॅन्युअल, काकू म्हणायच्या ऑटोमॅटिक. मॅन्युअल म्हणजे डाव्या पायाने क्लच दाबायचा आणि हाताने गियर बदलायचा. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच नसतो, गियर गाडी स्वतः बदलते. दोन्हींची माहिती मी त्यांना तीनदा दिली होती आणि दोघंही तीनदा आपल्याच मतावर घरी गेले होते.

शेवटी काकांनीच अट घातली. शहराच्या समा भागात एका सोसायटीच्या हॉलमध्ये साखरपुड्याचं जेवण होतं. बाकीचं जेवण भाड्याच्या टेम्पोतून पुढे गेलं. कढी त्यांनी मुद्दाम मागे ठेवली. दोन पातेली, दोन पिकअप. जिच्यातली कढी कमी सांडेल ती घ्यायची.

"आणि सगळीच सांडली तर?" जिग्नेशभाईंनी विचारलं.

"तर मुलाकडचे आम्हाला सोडणार नाहीत, आणि आम्ही तुम्हाला," काका म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

झाकणं फडक्याने आवळली, पातेली दोराने जखडली. पुढच्या मॅन्युअलमध्ये काका आणि शेजारी जिग्नेशभाई. मागच्या ऑटोमॅटिकमध्ये काकू आणि मी. काकूंकडे लायसन्स होतं, पण त्या कधी गाडी चालवतात हे मी ऐकलं नव्हतं. म्हणून त्या ऑटोमॅटिक मागतायत, असं मी धरून चालले होते.

मांडवीची गर्दी तुम्हाला माहीत असेल तर पुढचं कळेल. हातगाडी, स्कूटर, रिक्षा, मधेच एक गाय. काका क्लच अर्धा सोडून इंचभर पुढे जायचे, परत दाबायचे, परत सोडायचे. प्रत्येक वेळी गाडी हिसका द्यायची. फडक्यातून पिवळी धार मागच्या फाळक्यावर उतरत होती. आमच्या गाडीत काकू नुसता ब्रेकवरचा पाय उचलत होत्या आणि पिकअप आपली आपण सरकत होती. मागची कढी शांत.

"काकू, जिंकलात तुम्ही," मी म्हणाले.

"काय जिंकले? हाताला काम नाही, पायाला काम नाही. झोप येईल अशाने," त्या वैतागून म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग मागताय कशाला ऑटोमॅटिक?"

"माझ्यासाठी नाही गं. ह्यांचा डावा गुडघा गेलाय. रात्री शेकतात आणि मला सांगतात, मच्छर चावला. गुडघ्यासाठी घ्या म्हटलं असतं तर हे घोडागाडी घेऊन आले असते. म्हणून म्हटलं, मला चालवायची आहे."

एवढ्यात एक स्कूटरवाला आडवा आला. काकूंनी सवयीने क्लच म्हणून डावा पाय जोरात दाबला. तिथे क्लच नव्हता. पाय बसला रुंद ब्रेकच्या पेडलवर. पिकअप जागेवर थिजली, माझा पट्टा खांद्यात रुतला आणि मागे धप्प आवाज आला. आरशात पाहिलं तर मागच्या काचेवरून कढीपत्त्याची पानं खाली घसरत होती. ऑटोमॅटिकला नवीन असलेल्यांची ही नेहमीची चूक असते. डाव्या पायाला स्वस्थ बसवत नाही.

मला हसू आवरेना. काकूही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मागून हॉर्न वाजत होते आणि आम्ही दोघी डोळे पुसत होतो.

गर्दी संपल्यावर काकांनी गाडी कडेला घेतली. उतरले ते दाराला धरूनच. जिग्नेशभाई उतरले, त्यांचा शर्ट सांगत होता की त्यांनी वाटेत एकदा उतरून झाकण बांधायचा प्रयत्न केला होता.

"पाय जरा आखडलाय," काका म्हणाले. "मच्छर."

"तिकडे बसा," काकूंनी ऑटोमॅटिककडे बोट केलं आणि पदर खोचून मॅन्युअलवर चढल्या. माहेरी त्यांनी ट्रॅक्टर चालवला होता, हे मला नंतर कळलं. पहिला, दुसरा, तिसरा, एकही हिसका न देता त्या समाच्या रस्त्याला लागल्या. शेजारी जिग्नेशभाई पट्टा दोन्ही हातांनी धरून.

मी काकांबरोबर बसले. तिसऱ्या सिग्नलला त्यांनी डावा पाय सावकाश लांब केला. चौथ्याला ते गुणगुणायला लागले. "हिला बराबर जमेल ही गाडी," मला म्हणाले. "तिच्यासाठीच घेऊन टाकू."

हॉलमध्ये आम्ही पंगत बसण्याआधी पोहोचलो. दोन्ही पातेल्यांत मिळून कढी पुरली, फक्त दुसऱ्यांदा वाढताना जरा हात राखला. कुठल्या पातेल्यातली कमी सांडली हे कोणी पाहिलंच नाही. जिग्नेशभाईंना आग्रहाने पानावर बसवलं आणि त्यांनी तीन वाट्या कढी संपवली.

ऑटोमॅटिकची डिलिव्हरी घ्यायला दोघं आले तेव्हा काका शोरूममध्ये सगळ्यांना सांगत होते, "बायकांना गियरचं जमत नाही ना." काकूंनी मान डोलावली आणि चावी त्यांच्या हातात दिली. त्यानंतर ती पिकअप काकूंनी चालवलेली मी तरी पाहिली नाही.

तेव्हापासून गाडी कोण चालवणार, हे मी नवरा-बायकोला वेगवेगळं विचारते.