पाण्याखालची पेटी, पण भिजवायची नाही!

मंडळातल्या मित्रांनो, आज दुपारचीच गोष्ट फलकावर लिहितोय. डोकं अजून तापलेलं आहे.

पाण्याखाली फोटो काढण्यासाठी कॅमेऱ्याची पेटी घ्यायला अंधेरीच्या एका दुकानात गेलो. म्हटलं, "आत नुसता वर्तमानपत्राचा कागद घालून पेटी बादलीत बुडवू. कागद कोरडा राहिला तर घेतो."

दुकानदार म्हणाला, "भिजली की जुनी झाली, साहेब. मग कोण घेणार?"

"अहो, ती पाण्यासाठीच आहे ना?"

"तुम्ही हे शिकलात कुठे?"

"घरी. मोरीत."

हसला! झाकणाच्या रबरी रिंगला केसाएवढी चीर होती, ती मी दाखवली. तरी म्हणे, "इम्पोर्टेड आहे."

माझ्याकडे कॅमेरा एकच आहे. मग पेटीची परीक्षा मी तो आत ठेवून थेट मालवणच्या समुद्रात घ्यायची का? तुम्हीच सांगा.