माठातला बर्फ

उन्हाळ्यात कोणी बर्फाचे पाणी पुढे केले की एक घटना आजही आठवते. मी ते पाणी घेत नाही. विचारणाऱ्यांना घसा धरतो असे सांगतो.

त्या वेळी मी उल्हासनगरला फौजदार होतो. सिंधमधून आलेली कुटुंबे लष्कराच्या जुन्या बराकींत राहत होती. दोन बराकींना मिळून एक नळ. या नळांचा बंदोबस्त छावणीच्या मुख्य सुरक्षा अधिकाऱ्याकडे होता. हा गृहस्थ पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, ताठ, वेळेचा पक्का. मला त्याच्याविषयी आदर होता.

एप्रिलात नळांची धार करंगळीएवढी झाली. रांगेत हाणामारी झाली आणि एका बाईचे डोके फुटले. त्याच संध्याकाळी सुभेदाराने लेखी फिर्याद दिली की, पाण्याची चावी फिरवणारा नोकर बाहेर पाणी विकतो. हा चावीवाला अंबरनाथजवळच्या खेड्यातला आगरी, चार मुलांचा बाप. मी त्याला अटक केली आणि कोर्टाकडून कोठडी घेतली. शिक्षा झाली असती तर नोकरी गेली असती आणि घरही उघड्यावर पडले असते. दोन दिवस तो एक शब्द बोलला नाही. मौन म्हणजे कबुली, असे मी तेव्हा समजत असे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती जखमी बाई कपाळाला पट्टी बांधून जबाब द्यायला आली. हवालदाराने तिला माठातले पाणी दिले. शहाडच्या बाजूला एक बर्फाचा कारखाना होता. तेथून भुशात गुंडाळलेली बर्फाची एक लादी रोज ठाण्यात येई आणि फोडून या माठात टाकली जाई. माझ्याआधीपासून येत होती. का येते हे कोणी विचारले नव्हते, मीही नाही.

बाईने पेल्यात पाहिले आणि तो तसाच टेबलावर ठेवला.

"फौजदार साहब, यह तो हमारा ही पानी है. हमारे नल में नहीं आता, कारखाने को जाता है और आपके यहाँ बर्फ बनकर आता है."

हवालदार हसला. मी हसलो नाही.

"और जिसको अंदर बिठाया है, वह गरीब आदमी है. सुभेदार साहब बाहरगाँव जाते हैं तो चाबी उसके हाथ में रहती है. उसी दिन हमारे मटके भरते हैं. पूछो किसी से भी."

मी चावीवाल्याला बाहेर काढून समोर बसवले. एरवी चावी कोणाकडे असते, असे विचारले.

"सुभेदार सायबाचे कंबरेला."

"मग दोन दिवस तोंड का शिवले होतेस?"

त्याने कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिले. "सांगून काय करू, सायब? बरफ तं हितंच येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदाराला जबाबासाठी बोलावले आणि त्याच्या कमरेची चावी पंचांसमक्ष ताब्यात घेतली. पाणीखात्याच्या माणसाने कारखान्याकडचा व्हॉल्व्ह बंद केला व छावणीकडचा पूर्ण उघडला. नळ मनगटाएवढ्या धारेने सुटले. कारखान्याचा हौद दुपारपर्यंत तळाला गेला. संध्याकाळी मालकाने कबूल केले की, या पाण्याच्या बदल्यात सुभेदाराच्या बदलापूरच्या घराला विटा, सिमेंट आणि सागवान त्याने पुरवले होते.

सुभेदाराने घराचा पंचनामा शांतपणे वाचला. सही केली. मग म्हणाला, "विटा लिहिल्यात, सागवान लिहिलेत. तुमची लादी राहिली, फौजदार."

मी कागद फाइलला लावला.

खातेनिहाय चौकशी होऊन तो बडतर्फ झाला. चावीवाला निर्दोष सुटला व कामावर परत गेला. ठाण्यातून निघताना हवालदाराने त्याला पाणी दिले. तो म्हणाला, "नको. नलावर पियेन."

लाच घेणाऱ्याला आपण काय घेतले ते पक्के ठाऊक असते. न मागता आलेले घेणाऱ्याला ते ठाऊक नसते, आणि ठाऊक करून घेण्याची त्याची इच्छाही नसते. एवढे शिकायला मला ते प्रकरण लागले. त्या कागदांत लादीची ओळ मी नंतरही घातली नाही. माझी नोकरी पुरी झाली. निवृत्तिवेतन वेळेवर येते. एक निरपराध माणूस गजांआड बसला होता, आणि त्या सर्व दिवसांत मी त्याच्यासमोर ते थंड पाणी प्यायलो होतो.