वीतभर मासा

माघातल्या एका रविवारी सकाळी धरणाच्या काठावर आम्ही तिघंच होतो: दीडशे रुपयांची मासळी घ्यायला शेणव्याहून आलेला मी, जाळं टाकणारी आजी आणि मासे मोजणारी बाई.

बाईला एका संस्थेने मासेमारांसोबत काम करायला नेमलं होतं. तीन वर्षं दर रविवारी ती फूटपट्टी घेऊन यायची, मासे मोजून वहीत लिहायची आणि वीतभरही नसलेला मासा परत पाण्यात सोडायला सांगायची. लोक हसायचे. काही जण तिला पाहून होडी पलीकडच्या काठाला न्यायचे. स्वतः तिने मासा कधीच घेतला नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "आसनगावला एकटीच भाड्याने राहते. घरमालकाला मासळीचा वास चालत नाही."

त्या दिवशी तिची नेमणूक संपत होती.

"मी गेल्यावरही लहान मासे सोडाल ना, आजी?"

आजी जाळं सोडवत होती. तिने हातातल्या माशाला वीत लावून पाहिली आणि तो पाण्यात टाकला.

"आता तू नाय आलीस तरी चालंल गो."

बाईने वही मिटली. आजीने तीन दगड मांडून एक मोठा मासा भाजला.

"ह्यो मोजू नको. खा!"

तीन वर्षांत तिला तिथे पहिल्यांदाच कुणी जेवायला बसवलं होतं. तिने काढलेले पैसे आजीने तिच्याच पिशवीत कोंबले. माझ्याकडून मात्र दीडशे मोजून घेतले.