सयाजीनं आखलेली सायकलची वाट

सयाजी भित्रा होता. हे त्याच्या माघारी लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. आमची घरं शेजारी, वयही एकच, त्यामुळे त्याची भीती मी फार जवळून पाहिली. लिहिण्याची मला सवय नाही, जमेल तसं सांगतो.

तो कालव्यावर पाटकरी होता. पाण्याच्या पाळ्या लावायच्या, पाटाची दारं उघडायची, बंद करायची. घोडेगावाकडून कळंबच्या बाजूला जाणाऱ्या पाटांच्या कडेनं जुनी काळी सायकल दामटत त्याच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. दोन्ही अंगांना उंच पीक असेल तिथून तो जायचाच नाही. केवढाही वळसा पडो, तो कांद्याच्या, हरभऱ्याच्या वावराकडेनं जायचा, कारण तिथं लांबवर दिसतं. सायकलची घंटी तर सारखी चालू. लोक म्हणायचे, "राव, जरा दमानं वाजवा, पाटातलं पाणी बिचकतंय!" तो हसायचा आणि पुन्हा वाजवायचा.

पुढं आमच्याकडं बिबट्यांचं फार झालं, तेव्हा त्याला कोणी हसेनासं झालं. हे बिबटे डोंगरातून आलेले नव्हते. उसातच जन्मलेले, उसातच वाढलेले. दिवस कलला की पोरं घरात ओढली जायची. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला जनावर वाटतो असं म्हणत, म्हणून गवत कापणाऱ्या बायासुद्धा मधून मधून उभ्या राहून आजूबाजूला बघायच्या. सयाजी तोवर निवृत्त झाला होता. शेतात जाताना तो भाकरीबरोबर एक रिकामं ताट आणि पळी न्यायचा, वाजवायला.

त्याच सुमारास पुण्याची तरुण मंडळी जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली जीपवर टाकून इकडं येऊ लागली. आदेश नावाचा मुलगा त्यांचा पुढारी. त्यांना मोटारी नसलेली, फार चढ नसलेली, शेतांतून जाणारी वाट हवी होती. कोणीतरी सयाजीचं नाव सांगितलं. सयाजीनं त्याला आपली वाट दाखवली. आदेश खूश झाला. "काका, केवढी मोकळी वाट आहे ही! कुठूनही सगळं दिसतं."

"भ्यालेल्या माणसाची वाट हाय ती," सयाजी म्हणाला.

बाकीच्यांना वळणं कळावीत म्हणून सयाजीनं सरूबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, जुनं लाल लुगडं फाडलं आणि दर वळणावर एक चिंधी बांधली. चिंधीपर्यंत जायचं आणि ती ज्या अंगाला असेल तिकडं वळायचं, एवढं सोपं. कुठं बाभळीला, कुठं विजेच्या खांबाला. एका ठिकाणी मात्र झाडही नव्हतं आणि खांबही नव्हता. पाटावरचा लहान पूल ओलांडला की समोर शेजारच्या गावातल्या एकाचा ऊस होता. सयाजीनं कोपऱ्यातल्या उसालाच चिंधी बांधली. मालक म्हणाला होता की ऊस अजून महिनाभर तुटत नाही. मी सोबत होतो, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन हजार तीनच्या जानेवारीतला तो रविवार. मंडळी घोडेगावात जेवून दुपारी निघाली. आदेश सगळ्यांत पुढं, त्याला वाट पाठ होती. जीप आधीच पुढं आणून ठेवली होती. कळंबच्या अलीकडं, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळ, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांजवळ, सयाजी आणि मी चहाचं पातेलं घेऊन थांबलो होतो. मंडळी एकेक करत आली. चहा झाला. मग आदेशनं आजूबाजूला पाहिलं.

"हर्षाली कुठंय?"

हर्षाली नवीनच होती. ती सगळ्यांत मागं होती, येईल पाठोपाठ, असं प्रत्येकाला वाटलं होतं. उन्हं उतरली होती.

"चिंध्या बघत येईल की," मी म्हणालो.

कोपीच्या दारात भाकरी थापत ठकूबाई बसली होती. नगरकडची, तोडीच्या टोळीतली बाई. ती म्हणाली, "त्ये लाल फडकं तुमचं व्हय, भाऊ? मी म्हनलं कुनाचा तरी नवस आसंल."

सयाजीच्या हातातला कप थांबला. "कुठलं फडकं?"

"पुलाम्होरल्या उसाचं. कारखान्यानं आदीच तोड दिली, काल तोडला न्हव का तो. देवीचं फडकं, पायाखाली कसं जाऊ द्यावं? मागं जी पट्टी ऱ्हायलीय ना उसाची, तिला चांगलं उंचावर बांधलंय मी."

"पट्टी का ऱ्हायली?"

"पिल्लं घावली तिथं बिबट्याची. जंगलखात्याची मानसं आली, म्हनली पिल्लं हितंच ऱ्हाऊ द्या, दिस मावळताना आई न्यायला यील. तोड बंद केली आमची."

सयाजीनं कप खाली ठेवला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. चिंधी आता पुलाजवळ नव्हती, वावराच्या आत होती. मुलगी पूल ओलांडणार, लांबवर लाल चिंधी बघणार, बैलगाडीच्या चाकोरीनं सरळ तिच्याकडं जाणार.

आदेश जीपकडं धावला, पण जीपला मोठ्या रस्त्यानं वळसा होता आणि पाटाच्या कडेनं ती जाणं शक्य नव्हतं. सयाजीनं आपली सायकल घेतली. मला म्हणाला, "बस मागं. ताट घे."

मी कॅरिअरवर बसून ताट बडवत होतो आणि तो घंटी वाजवत होता. त्याची पाठ माझ्या खांद्याला लागत होती, ती थरथरत होती. दोन्ही बाजूंना काय आहे ते मी बघितलंच नाही. त्या दिवशी तो पहिल्यांदा उभ्या उसामधून गेला, कारण तीच वाट जवळची होती.

पूल आला. तुटलेलं वावर पाचटानं पिवळं दिसत होतं आणि मधोमध उसाची ती पट्टी काळी उभी होती. टोकाला चिंधी. तिच्या खाली हर्षाली उकिडवी बसून पंक्चर काढत होती. पाठ उसाकडं.

"तू हितंच थांब, वाजवत ऱ्हा," सयाजी म्हणाला. "दोघं पडलो तर सांगायला कोन ऱ्हाईल?"

तो सायकल घेऊन चाकोरीत शिरला. मला दिसलं ते असं: वारा नव्हता, तरी पट्टीच्या दुसऱ्या टोकाचे शेंडे हलले. थांबले. मग जरा अलीकडचे हलले. माझ्या हातातली पळी चुकत होती.

"ए पोरी, उभी ऱ्हा!" सयाजी ओरडला. "उभी ऱ्हा आधी!"

हर्षाली दचकून उभी राहिली. "काका? अहो, ट्यूबच गेली, म्हणून..."

"बोलत ऱ्हा. मोठ्यानं. पळू नको. माघारी ये, तोंड उसाकडं ठेवून."

"काय बोलू?"

"काय बी बोल! तुझ्या कालेजातलं सांग!"

ती रडत रडत मोठ्यानं आपल्या वर्गातल्या मुलींची नावं घेऊ लागली. सयाजी तिच्याजवळ पोहोचला, तिला मागं घातलं आणि स्वतःची सायकल दोन्ही हातांनी छातीपुढं उभी धरली. एकेक पाऊल मागं. सायकल जड, तो साठीला आलेला. शेंडे आता चिंधीजवळ हलत होते. आतून करवत चालवल्यासारखा एक आवाज आला, एकदाच. सयाजीनं घंटीवरचा अंगठा काढला नाही. ते दोघं पुलावर पोहोचले तेव्हाही तो वाजवतच होता. मी त्याचा हात धरून अंगठा सोडवला.

हर्षालीची सायकल रात्रभर तिथंच पडून राहिली. सकाळी माणसं गेली तेव्हा पिल्लं नव्हती. सायकलला काही झालं नव्हतं.

सयाजीनं दुसऱ्याच दिवशी सगळ्या चिंध्या सोडून आणल्या आणि चुलीत घातल्या. आदेशला निरोप धाडला की आता येऊ नका. पण तरुण माणसं ऐकतात होय? वाट त्यांना माहीत झाली होती. पुढच्या महिन्यात जीप पुन्हा दारात उभी. हर्षालीही होती. ती म्हणाली, "काका, चिंध्या नकोत. तुम्ही पुढं चला, आम्ही तुमच्या मागं."

तेव्हापासून तो पुढं जायला लागला. ती काळी सायकल सगळ्यांत पुढं आणि तिच्या मागं महागाच्या सायकली गोगलगायीसारख्या. कुठं उसाला तोड लागली, कुठं पट्टी राहिली, हे आदल्या दिवशी टोळ्यांकडं जाऊन विचारायचा आणि तरीही प्रत्येक वळणावर उतरून बघायचा. मुलं वैतागायची. "काका, असं तर आपण उद्या पोहोचू!" तो म्हणायचा, "उद्या पोचू, पन समदे पोचू."

भीती गेली असं मात्र नाही. उलट वाढली. शनिवारी त्याला जेवण जायचं नाही. ओसरीवर बसून तो घंटीला तेल घालायचा, आणि मला भिंतीपलीकडून ती परत परत वाजलेली ऐकू यायची.

सरूबाई चिडायची. "एवढं भ्या वाटतंय तर जाता कशाला? नका जाऊ. सांगा, अंगात ताप हाय म्हणून."

"सांगीन की. पन म्या नाय गेलो, तरी ती पोरं जातीलच."

मग ती उठायची. भाकरीच्या फडक्यात ताट-पळी बांधून दाराशी ठेवायची.