परमिट रूमच्या मागच्या खोलीचं दार

"मामा, पाय खाली घ्या!" मी ओरडले.

मामांचा पाय दारापासून वीतभर अलीकडे थांबला. मामा म्हणजे इथलं रोजचं गिऱ्हाईक, एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर, अंगानं भक्कम. "म्याडम, रोजचंच हाय हे," ते म्हणाले. "एक लाथ घातली की उघडतंय. बिलकुल घाबरू नका."

"लाथ घालायची नाही. दाराला कुणी हातसुद्धा लावायचा नाही."

जुन्या जालन्यातल्या एका परमिट रूमच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं अडकलो होतो. मी, मामा आणि बियाण्याच्या कंपनीत सेल्सचं काम करणारे काळेसाहेब. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. म्हणजे इमारत दिसते कशी ते आर्किटेक्ट बघतो, उभी कशी राहते ते मी बघते. दारूचा थेंब कधी घेतला नाही. त्या संध्याकाळी बारमध्ये लिंबू-सोडा पीत बसले होते, ते कामासाठी. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

प्रकरण सुरू झालं बारच्या मालकाच्या, अप्पांच्या फोननं.

"म्याडम, मागच्या खोलीचं दार लई सतावून राह्यलं. सकाळी बराबर उघडतंय, संध्याकाळी जाम. गिऱ्हाईक म्हणतं, दार बी पिऊन राह्यलं. सुतारानं तीनदा रंधा मारला. आता चौकटच काढायची म्हणतो. परवा येणार हाय तो. भिंतीला काही होणार न्हाई ना, एवढं बघून द्या."

मी त्याच सकाळी गेले. इमारत जुनी, माळवदाची. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा राहतो, म्हणून आपल्या भागात अजूनही लोक माळवद मोडत नाहीत. मागच्या खोलीला एकच दार, वर गज लावलेला छोटा झरोका, आणि कोपऱ्यात मोठा कूलर. दार ढकललं तर लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. चौकट आणि दार यांच्यात वरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट होती.

"तुम्हाला बघून सुधारलं," अप्पा म्हणाले.

मी कूलरकडे बोट दाखवलं. लाकूड ओल पितं आणि फुगतं. संध्याकाळी कूलर चालू, दार जाम. सकाळी कूलर बंद, दार मोकळं. हिशेब सरळ होता. "आज कूलर लावू नका," असं सांगून मी ऐटीत निघून आले.

दुसऱ्या दिवशी अप्पांचा फोन. "म्याडम, ऐन मे महिन्यात गिऱ्हाईक घामानं न्हाऊन निघालं. तुमच्या नावानं शिमगा करून गेलं. अन् दार तसंच."

"मी संध्याकाळी येते."

"तुम्ही? संध्याकाळी? इथं?"

"दार संध्याकाळी बिघडतं. सकाळी येऊन मी त्याची समजूत काढू का?"

घरी सांगितलं, बारमध्ये चाललेय. आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता "जेवायला आहेस ना?" एवढंच विचारलं.

मला बघून मामा आणि काळेसाहेब शाळेत पकडल्यासारखे उठून उभे राहिले. अप्पांनी माझा मान म्हणून दोघांची पेयं स्टीलच्या पेल्यांतून आणली. लांबून बघणाऱ्याला ताक वाटावं. मागच्या खोलीची एक रीत होती, दार लावूनच बसायचं. गल्ली ओळखीची, समोरून सगळ्यांच्या घरची माणसं जाणार-येणार. मामांनी दार लावलं. सहज लागलं. वरची फट जागेवर होती.

थोड्या वेळानं बाहेर हॉर्न वाजला. मग मोटारीचा आवाज आला, आणि आमच्या डोक्यावर, छतापलीकडे, धो धो पाणी पडू लागलं.

"हे काय?"

"टँकर," काळेसाहेब म्हणाले. "अप्पानं नवी टाकी बसवली ना. बरोबर आपल्या डोक्यावर हाय. रोज संध्याकाळी भरती, सकाळपर्यंत वापरून संपती."

"कधी बसवली?"

"होळीच्या मागंपुढं."

"आणि दार कधीपासून अडकतंय?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "तवापासूनच की," मामा म्हणाले.

काल सकाळी मी छतावर चढले नव्हते. दाराच्या तक्रारीसाठी छतावर कोण चढतं? आता खुर्चीवर चढून बघितलं. दारावरून जाणारी तुळई मध्ये वाकली होती. मघाची बोटभर फट गेली होती, नखसुद्धा शिरत नव्हतं. फुगलेलं दार बाजूनं घासतं. हे वरून दाबलं गेलं होतं. तेवढ्यात वरून माती भुरभुरली आणि शेंगदाण्याच्या प्लेटमध्ये पडली. मामांनी फुंकर मारली आणि एक दाणा तोंडात टाकला. "रोजच पडती," म्हणाले.

तुळई वाकून चौकटीवर टेकली होती. चौकट आता दार धरत नव्हती, छत धरत होती. आणि अप्पा उद्या सकाळी तीच काढणार होते.

मी हे बोलायच्या आत काळेसाहेब लघवीला म्हणून उठले, दार उघडेना, आणि मामांनी रोजच्या सवयीनं पाय उचलला. तिथंच मी ओरडले.

अप्पा पंधरा पावलांवर काउंटरला होते. मी त्यांना फोन लावला.

"अप्पा, वरची टाकी रिकामी करा."

"आत्ता तर भरली!"

"म्हणूनच. दोन टन वजन आहे ते. तुळई वाकलीय आणि आम्ही खाली आहोत."

"म्याडम, जालन्यात उन्हाळ्याचं पाणी सोडून द्यायचं? गल्ली मला जोड्यानं मारंल."

"छतावर माती किती आहे?"

"असंल की. दरसाल पावसाळ्याच्या आधी नवी टाकतो. वडील बी टाकायचे, आजा बी टाकायचा. त्यात कधी खंड न्हाई."

"जुनी काढून ना?"

अप्पांचा आवाज बारीक झाला. "जुनी काढायची असती का?"

माळवदावर दरसाल माती टाकायची, पण आधी जुना थर खरवडून. या घरात तीन पिढ्यांनी अर्धीच रीत पाळली होती, आणि ती मात्र अगदी निष्ठेनं.

"अर्धी सोडू का टाकी?" अप्पांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तोच मामांनी फोन घेतला. "अप्पा, रस्त्यावर सोडू नको. गल्लीत हाक मार. हंडे घेऊन या म्हणावं, बादल्या घेऊन या म्हणावं. पाणी बी वाया जायचं न्हाई अन् आम्ही बी. जल्दी कर!"

मग अप्पांचा आवाज फोनशिवायच ऐकू आला.

मी टेबल मागच्या भिंतीला सरकवायला लावलं. तिकडची तुळई सरळ होती. तिघं भिंतीला पाठ लावून बसलो. आत येताना अख्खी खोली दारूच्या वासानं भरलेली वाटली होती, आता मला फक्त मातीचा वास येत होता.

"पडंल का हो?" काळेसाहेबांनी विचारलं.

"सांगता येत नाही. चौकटीला धक्का लागला नाही तर टिकेल असं वाटतं."

मी भ्याले होते, खोटं कशाला सांगू. वीस वर्षं दुसऱ्यांच्या छतांवर रिपोर्ट लिहिले, छताखाली अडकून कधी लिहिला नव्हता.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "म्याडम, तुमच्या तोंडावरची भीती प्याशिंजरला दिसून राह्यली. घाटात ब्रेक कमी लागला तर ड्रायव्हरनं गाणं म्हणायचं असतंय."

"तुम्ही म्हणायचात?"

"एकदाच म्हणलं. पूर्ण भजन झालं. खाली उतरल्यावर प्याशिंजर म्हणे, आवाज छान हाय."

मी हसले. काळेसाहेबही हसले. बाहेर हंड्यांचा खणखणाट सुरू झाला होता. "आधी माझा नंबर," "अगं बादली सरकव," असली भांडणं. या बारवरून जाताना तोंडाला पदर लावणाऱ्या बायका आज बारच्या दारात रांग लावून उभ्या होत्या. मी डोळे दाराच्या वरच्या कडेवर ठेवले होते. भुरभुर थांबली. बऱ्याच वेळानं तिथं दोऱ्याएवढी उजेडाची रेघ दिसली. हळूहळू ती रुंद झाली.

मी दोन बोटांनी दार ढकललं. उघडलं.

बाहेर पहिली उभी होती ती मामांची बायको, कमरेवर भरलेला हंडा घेऊन. "तुम्ही तर देवळात गेल्ते ना!" मामांनी मान खाली घातली. मग तिची नजर माझ्यावर आली. "अगं बाई! म्याडम, तुम्ही बी?"

खुलासा करण्यात अर्थ नव्हता. मी सेंट्रिंगवाल्याला फोन करत होते. त्याच संध्याकाळी तुळईखाली लोखंडी टेकू लागले. सकाळी सुतार करवत घेऊन आला, त्याला चहा पाजून परत पाठवला.

पुढच्या आठवड्यात माती उतरवली. थर गुडघ्याच्या वर निघाला. तुळईचं भिंतीतलं टोक मोकळं केलं तेव्हा अप्पा शेजारी होते. त्यांनी बोट लावलं तर वाळवीनं खाल्लेलं लाकूड भुगा होऊन हातात आलं. अप्पा तिथंच पायरीवर बसले.

"म्हणजे म्याडम, तिकडून काहीच धरलं नव्हतं?"

"काहीच नाही. एकटी चौकट होती."

"अन् तिला मी रोज लाथा घालू दिल्या."

छतावर आता पत्रे आहेत, टाकी जमिनीवर आहे. मी मात्र दाराच्या तक्रारीला गेले की आधी शिडी मागते. आणि लोकांना एकच सांगते. घरातली एखादी गोष्ट रोज अडत असेल तर काढून टाकायच्या आधी बघा, ती काय धरून उभी आहे.